ओर्लिन टॉफ्टेला फुकट मिळालेली नदीकडची खोली

टोपलीत सोनेरी कागदात गुंडाळलेली पेअर होती, चीजचा लालबुंद गोळा होता आणि वर एक कार्ड खोचलेलं होतं. आर्डिसनं ते मोठ्यानं वाचलं, "आमच्या लाडक्या टॉफ्टे पतिपत्नींस, सप्रेम."

ओर्लिननं टोपली दोन बोटांनी पुढं सरकवली, मागं सरकवली, खाली वाकून तिच्या बुडाशी काय आहे ते चाचपलं, आणि म्हणाला, "आर्डिस, हात लावू नकोस."

"अरे, पेअर आहेत ती. विंचू नव्हेत."

"फुकटचं फळ आहे. त्याची किंमत काय ते आधी कळू दे, मग खा."

आर्डिसनं एक सुस्कारा सोडला आणि ती खिडकीशी गेली. खिडकी कसली, भिंतच्या भिंत काचेची! खाली कोलोरॅडो नदी हिरवीगार वाहत होती, बदकं होती, ह्या हॉटेलातून त्या हॉटेलात माणसं नेणाऱ्या होड्या होत्या, आणि पलीकडच्या काठावर ॲरिझोना, जिथं घड्याळ तासभर पुढं असतं. खिडकीला लागून न्हाण्याचा भलामोठा टब. त्यात बसून नदी बघायची सोय. आर्डिसनं टबाच्या काठावरून असा हात फिरवला, की जणू तो टब नव्हे, गाभण गाय होती.

आता बघा, लॉफलिन गावातल्या ह्या 'रिव्हर म्यूल' कॅसिनोत टॉफ्टे नवराबायको वर्षानुवर्षं येत होती. सुगी संपली की नोव्हेंबरात एकदा, आणि घरी नॉर्थ डकोटात बर्फ खिडकीच्या वर चढलं की फेब्रुवारीत एकदा. खोली दर वेळी फुकट, पण ती गाड्या लावायच्या मैदानाकडची. खिडकी उघडली की समोर आपलाच पिकअप. ओर्लिनला ते दृश्य फार आवडायचं. सकाळी उठून पडदा सारायचा, गाडी जागेवर आहे ना बघायचं, आणि मग तोंड धुवायचं. आणि ह्या खेपेला, काही न मागता, कुणाची ओळख न काढता, सगळ्यात वरच्या मजल्यावरची नदीकडची खोली!

का?

हा 'का' ओर्लिनच्या डोक्यात शिरला की दाढेत अडकलेल्या मक्याच्या सालासारखा. निघेपर्यंत माणसाला झोप नाही. आणि त्यात त्याचा दोष नव्हता, धंद्याचा होता. माणसानं सगळी हयात धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी काढली होती. शेतकरी भरल्या ट्रकसकट काट्यावर यायचा, वजन व्हायचं, गहू ओतला जायचा, मग रिकाम्या ट्रकचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गहू. सोपं काम. पण त्या सोप्या कामात किती पळवाटा! कुणी भरल्या गाडीच्या टाकीत डिझेल गळ्यापर्यंत भरून यायचा आणि रिकामी तोलायच्या आधी काढून घ्यायचा, कुणी धान्याखाली ओलं धान्य दडवायचा.

एकदा काय झालं, ऑस्कर नावाचा एक शेतकरी सासूला शेजारी बसवून आला. सासू चांगली दणकट. भरल्या गाडीचं वजन झालं आणि सासूबाई म्हणाल्या, जरा पाय मोकळे करते. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली, तर सासूबाई गायब. ओर्लिननं काटा धरून ठेवला.

"काय रे, थांबलास का?" ऑस्कर म्हणाला.

"बाई येऊ देत."

"बाईंचं काय घेऊन बसलास!"

"बाई गव्हात धरल्या गेल्यात, ऑस्कर."

तेवढ्यात सासूबाई शेडमागून आल्या, त्यांनी हे ऐकलं, आणि मग जे झालं ते पंचक्रोशीनं बघितलं. त्यांनी जावयाला हातातल्या पर्सनं बडवत काट्यावरून रस्त्यापर्यंत नेलं! "मला गव्हाच्या भावानं विकतोस होय रे मेल्या!" तेव्हापासून कुठलीही गाडी काट्यावर आली की ओर्लिनचा पहिला प्रश्न असायचा, "आत कोण आहे?" आणि दुसरी सवय अशी लागली की गाडी कुणीही चालवो, हा रस्त्यावर नजर ठेवून बसणार. लग्नाच्या दिवशी सासऱ्याच्या गाडीत मागं बसला होता, शेजारी नवी नवरी, आणि गडी तिच्याकडं न बघता सासरा वळण नीट घेतो का ते बघत होता. दुसऱ्याच्या हाती चाक असताना त्यानं जन्मात डोळा मिटला नव्हता.

असा माणूस कॅसिनोत कशाला जाईल, असं कुणालाही वाटेल. पण तो जुगार खेळायला जातच नव्हता. तो त्यांचा काटा तपासायला जायचा.

त्याचं म्हणणं असं. कॅसिनोचं कार्ड गुंडाळीच्या दोरीनं शर्टाच्या गुंडीला अडकवायचं आणि मग जुगाराच्या यंत्राच्या तोंडात खुपसायचं. लांबून बघितलं तर म्हातारी मंडळी दावणीला बांधल्यासारखी दिसतात. कार्ड आत गेलं की तुम्ही किती पैसा फिरवलात ते वर कुठंतरी मोजलं जातं. तुम्ही आज जिंकलात का हरलात, त्याची त्यांना फारशी फिकीर नाही. ते यंत्र स्वभावानं किती चिक्कू आहे, आणि बरेवाईट दिवस सरासरीत धरून त्या चिक्कूपणानं तुमच्या खिशातून किती जायला हवं, तेवढंच ते मांडतात. आणि त्यातला छोटासा वाटा तुम्हाला परत करतात. रोख नाही हां. खोली, जेवण, नाताळात एखादा तवा.

"म्हणजे ज्याचं जास्त जायचं त्याच्यावर जास्त प्रेम," ओर्लिन सांगायचा. "फिरत्या चित्रांच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला हे लोक डोक्यावर घेतात, का, तर तो शंभराचे दहा ठेवून जातो. आम्ही पत्त्यांच्या यंत्रावरचे पोकरवाले सावत्र लेकरं. चांगल्या यंत्रावर नीट खेळलं तर शंभरातला अर्धा डॉलरसुद्धा त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून आम्हाला मैदानाकडची खोली. आणि तीच मला हवी. मैदानाकडची खोली म्हणजे मी शहाणा असल्याची पावती!"

चांगलं यंत्र ओळखायचं कसं? ते त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. तीन सारखी पानं आणि वर एक जोडी आली की फुल हाउस, त्याला नाण्यामागं नऊ. पाचही पानं बदामाची किंवा पाचही इस्पिकची आली की फ्लश, त्याला सहा. नऊ आणि सहा दिसले तर बसायचं, त्याहून कमी असेल तर टोपी उचलून चालू लागायचं. कॉफीच्या दुकानासमोर खांबाच्या कडेला अशा यंत्रांची एक रांग होती आणि तिथल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओर्लिनच्या पाठीचा आकार उमटला होता.

तर मग नदीकडची खोली कशी?

तीन-चार दिवस ह्याच कोड्यात गेले, आणि मग खाली मॅरिबेल टफोया भेटली. नेहमीच्या पाहुण्यांची बडदास्त ठेवणं हेच तिचं काम. ती ओर्लिनला बघून अशी हसली की तिचे सगळे दात दिसले, आणि एवढे दात दिसले की ओर्लिन एक पाऊल मागं सरायचा.

"मिस्टर टॉफ्टे! खोली आवडली ना? फळं खाल्लीत?"

"कुणी दिली खोली?"

"संगणकानंच सुचवलं. तुमचं खातं असं वर गेलंय, की मीसुद्धा बघत राहिले!"

"मी काही जास्त खेळलो नाही. नोव्हेंबरात नेहमीएवढाच खेळलो."

"अहो, खातं तुम्हा दोघांचं एकच ना? तुमचं नि मिसेस टॉफ्टेंचं. तुम्ही दोघं आमची लाडकी आहात," असं म्हणून ती दुसऱ्या पाहुण्याकडं वळली.

तुम्ही दोघं! ओर्लिन तिथंच उभा राहिला. आर्डिसजवळ एक कार्ड होतं खरं, त्याच खात्याचं. कॉफीवर सूट मिळते म्हणून घेतलेलं. तिनं ते यंत्रात घातलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. पण बघितलं नव्हतं म्हणजे घातलं नव्हतं असं थोडंच! आपण जास्त खेळलो नाही, आणि वजन तर वाढलंय. मग गाडीत कोण बसलंय?

आता त्याला एकेक आठवायला लागलं. ह्या खेपेला आल्यापासून आर्डिस सकाळी न्याहारी उरकली की "जरा नदीवर जाऊन येते" म्हणायची आणि बराच वेळ यायची नाही. आली की गाल लाल, कपाळावर घाम. बदकांना पाव घालून कुणाला घाम येतो? विचारलं तर म्हणायची, "ऊन होतं." बायको खोटं बोलत असेल ही गोष्ट त्याला नवी होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं सगळ्या जगावर संशय घेतला, पाद्र्यावर घेतला, पशुवैद्यावर घेतला, पण आर्डिसला काट्यावर कधी चढवलं नव्हतं. तेवढी एकच जागा त्यानं न मोजता सोडली होती, आणि आता तीही मोजायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिकअप बघायला मैदानात गेला, कारण आता खिडकीतून दिसत नव्हता ना! दार उघडून आत बसला, आणि त्याचे गुडघे चाकाला आपटले. सीट पुढं सरकवलेलं. आरसासुद्धा खाली वळवलेला. माणसाची नजर चुकेल, गुडघे चुकत नाहीत. म्हणजे गाडी घेऊन जाते! नदीकाठी काय इथं एकच कॅसिनो आहे?

त्या दिवशी तो आर्डिसच्या मागावर निघाला. ती पुढं, हा मागं, खांबाआडून. पण कॅसिनोतले दिवे मेले असे, की हल्ली प्रत्येक दिव्याभोवती त्याला एक कडं दिसायचं, कड्याभोवती दुसरं कडं, आणि माणसं त्या कड्यांत विरघळून जायची. दोन वळणांतच ती दिसेनाशी झाली. मग एकदम दिसली! पांढरे केस, जांभळट जाकीट. रेड्यांच्या चित्रांच्या एका थोराड यंत्रासमोर बसली होती आणि दणादण बटण दाबत होती. यंत्र डुरकलं तसं तिनं दोन्ही हात वर केले.

ओर्लिन जवळ गेला नाही. जवळ जाऊन काय करायचं होतं? तो लिफ्टकडं वळला, चुकीच्या मजल्यावर उतरला, परत चढला, आणि खोलीत येऊन त्या काचेच्या भिंतीसमोर बसून राहिला. खाली नदीचा हिरवा पट्टा होता. होड्या असतील.

आर्डिस आली. गाल लाल.

"कुठं होतीस?"

"नदीवर."

"नदीवर रेडे असतात होय?"

"कसले रेडे?"

"आर्डिस, मी बघितलं. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं, जांभळं जाकीट घालून रेड्यांच्या यंत्राशी बसली होतीस. आणि गाडीचं सीट पुढं आहे. ही खोली, हा टब, ही पेअर, सगळं तू हरलेल्या पैशाचं आहे. किती गेले ते नाही विचारत. फक्त खोटं बोलू नकोस."

आर्डिसनं खांद्याची पिशवी खाली ठेवली. ती त्याच्याकडं बघत राहिली, चांगली बघत राहिली, म्हणजे डॉक्टर बघतात तशी. रागावली असती तर ओर्लिनला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "तुझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंस?"

"ह्याच."

"बरं. मग उद्यापासून मी तुझ्या शेजारी बसते. दिवसभर. नजरेसमोर ठेव मला. म्हणजे झालं?"

"चालेल."

"आणि त्या ऑस्करच्या सासूचं सांगू नकोस. फार वेळा ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला दोघं समोरासमोर बसली. ओर्लिननं यादी न उघडताच "नेहमीचं" म्हणून अंडी-बटाटे मागवले. मग दोघं खांबाशेजारच्या रांगेत जाऊन बसली, हा त्याच्या कोपऱ्यात, ती शेजारच्या खुर्चीत. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. ओर्लिननं कार्ड खुपसलं आणि सुरू झाला. पानं मोठी असतात, ठळक असतात, ती त्याला दिसायची. बाकीचं त्याला पाठच होतं. पाठ असलेल्या गोष्टीकडं कोण कशाला बघतो?

अर्धा-पाऊण तास गेला. आर्डिसला कंटाळा आला. ती चर्चमध्येसुद्धा प्रवचन रंगलं नाही की भिंतीवरच्या पाट्या वाचणारी बाई. ती यंत्रावरचं वाचायला लागली.

"हे असं रोज करतोस तू? देवा रे. रॉयल फ्लश, अडीचशे. हे काय, स्ट्रेट फ्लश, पन्नास. चार सारखी, पंचवीस. फुल हाउस, सात. फ्लश, पाच. स्ट्रेट..."

ओर्लिनचा हात बटणावरच थांबला.

"काय म्हणालीस?"

"स्ट्रेट, चार."

"त्याच्या आधी."

"फुल हाउस सात, फ्लश पाच."

"नऊ आणि सहा."

"सात आणि पाच आहे, ओर्लिन."

"तू दुसऱ्या रकान्यात बघतेयस."

"मी पहिल्याच रकान्यात बघतेय. केवढे आकडे आहेत! इथून दिसतायत." ती उठली, शेजारच्या यंत्रावर वाकली, त्याच्या पलीकडच्या यंत्रावर वाकली. "इथं पण सात-पाच. इथं पण. सगळीकडं तेच आहे."

ओर्लिननं नाक काचेला लावलं. निळ्यावर पिवळं काहीतरी हललं. आकडा नव्हता तो, लोण्याचा डाग होता.

मॅरिबेल कुठून कोण जाणे, हसत आलीच. "काही हवंय का, मिस्टर टॉफ्टे?"

"ही यंत्रं कधी बदलली?"

"यंत्रं नाही हो, नुसता बक्षिसांचा तक्ता बदलला. उन्हाळ्यातच. तुमच्यासारखे जुने बरेच जण सोडून गेले बघा. पण तुम्ही नोव्हेंबरात आलात आणि तसेच खेळलात! आम्हाला वाटलं, तुम्हाला काही हरकत नाही."

म्हणजे एवढंच होतं. अर्ध्या डॉलरच्या जागी शंभराचे चारेक डॉलर हा माणूस नोव्हेंबरात आनंदानं मोजून गेला होता, आणि वर घरी जाऊन पानं पडली नाहीत म्हणून सांगत होता. त्यांच्या काट्यावर त्याचं वजन एका झटक्यात आठपट झालं. नदी मिळाली, टब मिळाला, पेअर मिळाली.

"मॅरिबेलबाई, तुमचा काटा बरोबर आहे," ओर्लिन म्हणाला. "गाडीत कोण बसलंय ते मीच बघितलं नाही." तिला काहीच कळलं नाही, तरी ती हसली. त्यानं कार्ड उपसलं. दोरी टणकन उडून त्याच्या हनुवटीवर बसली.

ती गेल्यावर आर्डिस हळूच त्याच्या खुर्चीकडं वळून बसली.

"ओर्लिन, हा आकडा तुला दिसत नाही."

"उजेड फार आहे इथं."

"ती पलीकडची बाई काय घालून बसलीय?"

ओर्लिननं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "बाई आहे का ती?"

"पुरुष आहे. दाढीवाला." आर्डिसनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "काल माझ्या अंगात पिवळा स्वेटर होता. जांभळं जाकीट परवाच धुवून न्हाणीघरात वाळत टाकलंय, तू रोज त्यालाच हात पुसतोस."

 डोळ्यांचं त्याला ठाऊक होतं, गेल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण डॉक्टर काय म्हणेल तेही ठाऊक होतं, की गाडी बंद. आणि गाडी बंद म्हणजे त्याच्या लेखी माणूस काट्यावरून खाली उतरला.

"नाताळात तू शेजारच्या नेल्सनची टपालपेटी आडवी केलीस," ती म्हणाली, "आणि म्हणालास बर्फ होतं. तेव्हापासून कळलंय मला. इथं येताना यूटात तू दोनदा पांढरी रेघ ओलांडलीस. मी सगळा रस्ता दाराची मूठ धरून बसले होते."

"बोलली का नाहीस?"

"बोलून काय, तू मला गाडीतून उतरवलं असतंस! माझ्या बापानं मला फक्त ट्रॅक्टर शिकवला. तुझं ते धूड मी कधी चालवलंय? म्हणून रोज सकाळी किल्ली घेऊन जाते. पुलापलीकडं एक बंद पडलेलं दुकान आहे, त्याच्या मोकळ्या अंगणात गोल गोल फिरवते. मागं घेता येत नव्हतं. आता येतं. परवा एक कचऱ्याचं पिंप पाडलं, पण ते रिकामं होतं."

"म्हणून घाम?"

"मग? तुझ्या त्या चाकाला जोर किती लागतो!"

ओर्लिननं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मग म्हणाला, "आरसा खाली का केलास?"

"कारण मी बुटकी आहे, ओर्लिन."

"हं. बरोबर आहे."

त्यानंतर ती उरलेली सुट्टी त्यांनी वरच काढली. आर्डिस टबात बसून नदी बघायची आणि बाहेर बसलेल्या ओर्लिनला सांगायची, आता होडी आली, आता बदकं भांडतायत, आता एक येडा थंड पाण्यात उतरलाय. मॅरिबेलनं दोनदा फोन केला, आज खाली दिसला नाहीत, गाण्याची तिकिटं पाठवू का म्हणून. "तिला म्हणावं, पुढच्या खेपेला मैदानाकडचीच खोली दे," ओर्लिन म्हणाला. आतून आर्डिस ओरडली, "तसलं काही म्हणू नकोस हां!" पण ते न म्हणताच होणार होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून आर्डिसनं टबात गरम पाणी आणखी सोडलं.

निघायच्या दिवशी तिनं सीट पुढं घेतलं, आरसा खाली केला. ओर्लिन पलीकडच्या बाजूनं चढला. त्या बाजूला चढायला पायरी कुठं असते हे त्याला शोधावं लागलं. मांडीवर टोपली होती.

"आर्डिस, समोर लाल आहे काहीतरी."

"कुणाचं तरी पोर आहे, फुगा घेऊन. ते रस्त्यावर नाहीये."

"डावीकडं बघ."

"बघितलं."

"आता उजवीकडं."

"ओर्लिन, पेअर खा."

त्यानं सोनेरी कागद सोलला, फळ नाकाशी धरून वास घेतला, आणि एक लचका तोडला. रस हनुवटीवरून ओघळला. "बऱ्यापैकी आहे," तो म्हणाला. "आपल्याच पैशाचं आहे म्हटल्यावर चव लागते."

वाळवंटातला रस्ता सरळ लागला. आर्डिस जीभ दातांत धरून दोन्ही हातांनी चाक पकडून बसली होती. मागून एक लांबलचक ट्रक आला, भोंगा वाजवला, पुढं निघून गेला. ती दचकली, पण गाडी हलली नाही. आता हा काहीतरी बोलणार, रेघ म्हणणार, वेग म्हणणार, म्हणून ती वाट बघत राहिली. काहीच आवाज येईना, तेव्हा तिनं एकदाच, अगदी निमिषभर, शेजारी बघितलं.

ओर्लिन टॉफ्टे टोपी नाकावर ओढून, अर्धं खाल्लेलं पेअर मुठीत धरून, मजेत घोरत होता.